फवाद आलमची सुरुवातीची कारकीर्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाकिस्तानचा डावखुरा फलंदाज फवाद आलम बहुतेकांना त्याच्या पुनरागमनामुळे माहीत झाला. त्याआधीच्या वर्षांबद्दल, म्हणजे देशांतर्गत क्रिकेटमधून तो वर कसा आला आणि पहिल्याच कसोटीत शतक करूनही बाहेर कसा राहिला याबद्दल, मराठी वाचकांकडून पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येतात. ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे स्वतंत्रपणे वाचता येतील. जेथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फवाद आलम कोण आहे आणि त्याची ‘सुरुवातीची कारकीर्द’ म्हणजे नेमकी कोणती वर्षे?

फवादचा जन्म ८ ऑक्टोबर १९८५ रोजी कराचीत झाला. तो डावखुरा फलंदाज असून डाव्या हाताने संथ फिरकीही टाकतो. २००३-०४ च्या हंगामात तो प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये (कसोटीखालोखालच्या, अनेक दिवस चालणाऱ्या सामन्यांच्या दर्जात) उतरला आणि नोव्हेंबर २००९ मध्ये न्यूझीलंडमधील ड्युनेडिनला आपली तिसरी कसोटी खेळला. त्यानंतरची कसोटी त्याला थेट ऑगस्ट २०२० मध्ये मिळाली. या पानावर मुख्यतः २००३ ते २००९ हा काळ घेतला आहे, कारण पुढच्या साऱ्या वादाची मुळे याच सहा-सात वर्षांत आहेत.

२. तो क्रिकेटच्या घरातलाच होता का?

होय. त्याचे वडील तारिक आलम हे पाकिस्तानात प्रथम श्रेणी क्रिकेट खेळलेले होते. पुढे लग्नामुळे तो माजी कसोटीपटू मन्सूर अख्तर यांचा जावई झाला. याच मन्सूर अख्तर यांनी १९७६-७७ मध्ये वहीद मिर्झा यांच्या साथीत कराची व्हाइट्सकडून क्वेट्टाविरुद्ध पहिल्या गड्यासाठी ५६१ धावांची भागी केली होती आणि सलामीच्या भागीचा तो प्रथम श्रेणीतील विश्वविक्रम अजून मोडलेला नाही. हे नाते मात्र नंतरचे आहे, त्यामुळे फवादच्या सुरुवातीशी त्याचा संबंध जोडू नये.

३. त्याच्या नावापुढे कस्टम्स, नॅशनल बँक, कराची, कराची डॉल्फिन्स असे इतके संघ का दिसतात? तो सारखा संघ बदलत होता का?

सर्वाधिक गैरसमज याच बाबतीत होतो, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देतो.

त्या काळी पाकिस्तानात देशांतर्गत क्रिकेटच्या दोन समांतर वाटा होत्या. पहिली शहरांच्या आणि विभागांच्या संघांची: कराची, लाहोर, सियालकोट, फैसलाबाद, पेशावर वगैरे. दुसरी वाट बँका, महामंडळे आणि सरकारी खात्यांच्या संघांची, ज्यांना तिकडे सरसकट ‘डिपार्टमेंट’ म्हणतात. रेल्वे आणि पीआयए (पाकिस्तानची सरकारी विमान कंपनी) हे संघ आधीपासून होतेच. सत्तरच्या दशकात अब्दुल हफीझ कारदार क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष असताना त्यांनी बँकांना आणि महामंडळांना खेळाडू नोकरीवर घ्यायला लावले आणि ही पद्धत पक्की झाली. जावेद मियाँदाद हबीब बँकेकडून, वसीम अक्रम पीआयएकडून, मिसबाह-उल-हक सुई नॉर्दर्न गॅसकडून खेळला तो याच व्यवस्थेतून.

नवोदित खेळाडूच्या दृष्टीने डिपार्टमेंट म्हणजे दरमहा पगार. शहराच्या संघाकडून खेळल्यावर सामन्याचे मानधन मिळे, पण हंगाम संपला की हात रिकामे. डिपार्टमेंटने घेतले की बाराही महिने घर चालत असे आणि कायम नोकरी असेल तर निवृत्तीनंतरही खुर्ची शिल्लक राही. म्हणून पाकिस्तानी खेळाडूच्या सुरुवातीच्या नोंदींत संघ बदललेला दिसला, तर तो कुठे खेळायला गेला याइतकेच त्याला कुणी नोकरी दिली हेही पाहावे. फवादने कस्टम्सकडून, म्हणजे सीमाशुल्क खात्याच्या संघाकडून, सुरुवात केली आणि पुढे तो नॅशनल बँकेकडे गेला, याचा अर्थ त्याला अधिक भक्कम आसरा मिळाला असा लावणे योग्य ठरेल. कराची हे त्याचे शहर, ते या सगळ्या काळात तसेच राहिले.

४. मग एकाच हंगामात तो दोन संघांकडून खेळला, ही नोंद चुकीची नाही?

चुकीची नाही. शहरांचे संघ आणि डिपार्टमेंट यांच्या स्पर्धा वेगवेगळ्या असत. २००३-०४ मध्ये कायदे-आझम करंडक विभागीय संघांचा होता आणि पेट्रन्स करंडक डिपार्टमेंटचा, त्यामुळे एकच खेळाडू दोन्हीकडे खेळू शकत असे. अडचण येते ती दोन्ही प्रकारचे संघ एकाच स्पर्धेत उतरवलेल्या हंगामांत. तेव्हा खेळाडूला एकच बाजू निवडावी लागे आणि बहुतेक जण पगार देणाऱ्या संघाचीच निवड करीत. हे नियम इतक्या वेळा बदलले आहेत की कोणताही हंगाम वाचताना त्या वर्षीची रचना आधी पाहून घ्यावी.

५. ही व्यवस्था आपल्या रणजी करंडकासारखी समजावी का?

अर्धीच. रणजी करंडकातही रेल्वे आणि सेनादल हे नोकरीवर आधारलेले संघ आहेत, पण ते अपवाद म्हणून. बाकी सारे राज्य संघटनांचे संघ. मुंबईत बँका आणि कंपन्यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, मात्र त्या कंपन्यांचे संघ टाइम्स शील्डसारख्या स्पर्धांत खेळत आणि त्या सामन्यांना प्रथम श्रेणीचा दर्जा नव्हता. पाकिस्तानात बँकेच्या संघाचा सामनाच प्रथम श्रेणीचा असे. टाइम्स शील्डच्या संघांना रणजीत उतरवले असते तर जे चित्र दिसले असते, त्याच्या जवळपास जाणारी ही गोष्ट आहे.

६. ‘कराची’, ‘कराची व्हाइट्स’, ‘कराची अर्बन’, ‘कराची डॉल्फिन्स’ हे एकच संघ आहेत का?

नाहीत. शहर एवढे मोठे आणि खेळाडू इतके की कराचीचे दोन-दोन संघ उतरवले जात. कधी त्यांची नावे व्हाइट्स आणि ब्लूज अशी असत, तर २००६-०७ च्या आसपास अर्बन आणि हार्बर अशी. डॉल्फिन्स हे नाव टी-ट्वेंटीसारख्या मर्यादित षटकांच्या सामन्यांतील संघाचे. त्यामुळे आकडे मांडताना ही सारी नावे एकाच खात्यात घालू नयेत.

७. १९ वर्षांखालील विश्वचषक त्याने जिंकला होता. मग त्या धावा त्याच्या एकदिवसीय नोंदींत का धरत नाहीत?

२००४ मध्ये बांगलादेशात झालेली ती स्पर्धा पाकिस्तानने ढाक्यातील अंतिम सामन्यात वेस्ट इंडिजला हरवून जिंकली आणि फवाद त्या संघात होता. पण युवा गटाचे सामने ना आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यांत मोजले जातात, ना देशांतर्गत एकदिवसीय सामन्यांच्या ‘लिस्ट ए’ या वर्गात. त्यांची नोंद स्वतंत्र ठेवली जाते. याच कारणाने क्लब क्रिकेट आणि डिपार्टमेंटच्या दुय्यम दर्जाच्या ‘ग्रेड टू’ स्पर्धा यांतील धावाही प्रथम श्रेणीच्या बेरजेत येत नाहीत. एखादा पाकिस्तानी खेळाडू ‘अचानक’ वयाच्या पंचविशीत उगवल्यासारखा वाटतो, तेव्हा त्याची आधीची पाच-सहा वर्षे बहुधा अशाच न मोजलेल्या सामन्यांत गेलेली असतात.

८. तो मुळात फलंदाज की अष्टपैलू? जुन्या बातम्यांत त्याच्या गोलंदाजीचेच कौतुक जास्त दिसते.

मुळात फलंदाज, तोही मधल्या फळीतला आणि लांब डाव खेळणारा. पण देशाचे लक्ष त्याच्याकडे गेले ते वेगळ्याच कारणाने. पाकिस्तानात देशांतर्गत टी-ट्वेंटी स्पर्धा २००५ मध्ये सुरू झाली आणि २००६-०७ च्या स्पर्धेत फवादने कराची डॉल्फिन्सकडून फलंदाजी आणि गोलंदाजी या दोन्हींत छाप पाडली. सियालकोट स्टॅलियन्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने २७ धावांत ५ बळी घेतले आणि अर्धशतकही केले. सामना सियालकोटने जिंकला, चर्चा मात्र फवादची झाली. पुढे सप्टेंबर २००७ मध्ये नैरोबीत केनियाविरुद्ध त्याचे आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी पदार्पण झाले, तेव्हाही त्याने ३ बळी घेतले.

माझ्या मते त्याच्या कारकिर्दीची पहिली गाठ येथेच पडली. चार दिवसांच्या सामन्यांत तासन्‌तास खेळपट्टीवर उभे राहणे हे ज्याचे बलस्थान, त्याची निवड झाली ती खालच्या क्रमांकावर येऊन चार षटके फिरकी टाकणारा कामाचा गडी म्हणून. हीच गोष्ट पुन्हा कशी घडली, ते प्रश्न १० मध्ये पाहा.

९. एकदिवसीय पदार्पणात तो पहिल्याच चेंडूवर बाद झाला, हे खरे आहे का?

खरे आहे. मे २००७ मध्ये अबू धाबीत श्रीलंकेविरुद्ध. त्या काळात त्याला बहुधा खालच्या क्रमांकावर, डावाची मोजकीच षटके उरलेली असताना यावे लागे.

१०. मधल्या फळीचा फलंदाज होता, तर कसोटीत सलामीला का पाठवले? आणि ते शतक नेमके कसे झाले?

जुलै २००९ मध्ये पाकिस्तानचा संघ श्रीलंकेत होता. अवघ्या तीन आठवड्यांपूर्वी, २१ जून रोजी, पाकिस्तानने लॉर्ड्सवर टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला होता आणि अंतिम सामन्याच्या अकरा जणांत फवादही होता. गॉलची पहिली कसोटी पाकिस्तानने गमावली. सलामीची जोडी जमत नव्हती, म्हणून कोलंबोच्या पी. सारा ओव्हलवरील दुसऱ्या कसोटीत फवादला खुर्रम मंजूरच्या जोडीने डावाची सुरुवात करण्यास पाठवण्यात आले. रिकामी जागा सलामीची होती आणि हाताशी असलेला फलंदाज मधल्या फळीचा होता, एवढेच त्याचे कारण.

पहिल्या डावात पाकिस्तान ९० धावांत गारद झाला, त्यात फवादच्या १६. श्रीलंकेने २४० केल्या. म्हणजे दुसऱ्या डावात तो उतरला तेव्हा संघ १५० धावांनी मागे होता, चेंडू नवा होता आणि काम त्याच्या नेहमीच्या जागेवरचे नव्हते. तेथून त्याने १६८ धावा केल्या. कर्णधार युनूस खान ८२ धावांवर बाद होईपर्यंत दोघांनी दुसऱ्या गड्यासाठी २०० धावा जोडल्या आणि धावफलक १ बाद २८५ असा दिसू लागला. त्या क्षणी सामना पाकिस्तानच्या बाजूने झुकलेला होता.

मग कोसळणे सुरू झाले. उरलेले नऊ गडी ३५ धावांत गेले, डाव ३२० वर संपला आणि डावखुरा फिरकीपटू रंगना हेराथने ५ बळी टिपले. श्रीलंकेने १७१ धावांचे लक्ष्य तीन गडी गमावून गाठले आणि सामना तिसऱ्याच दिवशी आटोपला. संघाच्या एकूण ३२० धावांपैकी निम्म्याहून अधिक धावा एका पदार्पण करणाऱ्या खेळाडूच्या, तरीही निकाल पराभवाचा. सामना वाचला असता तर हे शतक लोकांच्या आठवणीत अधिक ठळक राहिले असते आणि कदाचित फवादची जागाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

११. ‘परदेशात कसोटी पदार्पणात शतक करणारा पहिला पाकिस्तानी’ असे म्हणतात, ते बरोबर आहे का? मग उमर अकमलचे काय?

विधान बरोबर आहे. पाकिस्तानतर्फे पदार्पणात शतक करणारा पहिला खेळाडू खालिद इबादुल्ला. १९६४ मध्ये कराचीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने १६६ धावा केल्या होत्या. त्यानंतर जावेद मियाँदाद, सलीम मलिक, युनूस खान आदींनी पदार्पणात शतके केली, ती सारी मायदेशात. परदेशात हे प्रथम जमले फवादला.

उमर अकमलने पदार्पणात शतक केले ते त्याच वर्षी, पण नंतर, नोव्हेंबर २००९ मध्ये ड्युनेडिनला. योगायोग असा की तीच कसोटी फवादची मोठ्या खंडापूर्वीची शेवटची ठरली. मधल्या फळीत एक नवा चेहरा चमकला आणि जो मुळात मधल्या फळीचाच होता, त्याला वरच्या क्रमांकांवर पारखून बाजूला करण्यात आले.

१२. पहिल्या कसोटीत १६८ आणि नंतर दोनच कसोटी? एवढ्यावर वगळण्याचे कारण काय?

पहिल्या तीन कसोटींतील सहा डाव असे आहेत: १६, १६८, १६, १६, २९ आणि ५. बेरीज २५०, सरासरी ४१.६६. या आकड्यांकडे दोन प्रकारे पाहता येते. निवड समितीच्या बाजूने पाहिले तर एक डाव वगळता पन्नाशीही नाही आणि न्यूझीलंडच्या खेळपट्टीवर वरच्या क्रमांकावर तो टिकला नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले तर तीन कसोटींत चाळिशीपार सरासरी असलेल्या, देशांतर्गत क्रिकेटमध्ये मधल्या फळीत सातत्याने धावा करणाऱ्या फलंदाजाला त्याच्या स्वतःच्या जागेवर एकदाही आजमावले गेले नाही.

मला दुसरी बाजू अधिक सबळ वाटते. त्याच्या शैलीवर टीका होत राहिली (प्रश्न १५ पाहा), पण ज्या कामासाठी खेळाडू घडला ते काम त्याला दिलेच नाही, तर तो त्यात कमी पडला असे म्हणता येत नाही. पुढे त्याच्याविना पाकिस्तानने ८८ कसोटी खेळल्या.

१३. पाकिस्तानच्या देशांतर्गत सरासरीवर विश्वास ठेवावा का? तिकडचे काही विक्रम तर अविश्वसनीय वाटतात.

शंका रास्त आहे. १९६४-६५ मध्ये रेल्वेने डेरा इस्माईल खान संघाविरुद्ध ६ बाद ९१० वर डाव सोडला आणि प्रतिस्पर्ध्यांना ३२ आणि २७ धावांत गुंडाळून एक डाव आणि ८५१ धावांनी विजय मिळवला. हाही अधिकृत प्रथम श्रेणी सामनाच. संघांची संख्या सारखी कमी-जास्त होत गेल्यामुळे दुबळे संघ अधूनमधून वरच्या दर्जात येत आणि त्यांच्याविरुद्ध आकडे फुगत. म्हणून एका हंगामाच्या सरासरीवरून पाकिस्तानी खेळाडूची पारख करू नये, हे खरे.

फवादच्या बाबतीत मात्र हा आक्षेप टिकत नाही. २०२० मध्ये त्याला पुन्हा बोलावले तोवर त्याच्या नावावर प्रथम श्रेणीच्या १२ हजारांहून अधिक धावा होत्या आणि सरासरी ५५ च्या पुढे होती. दुबळ्या संघांविरुद्ध एखादे त्रिशतक करून सरासरी एकदाच वाढवता येते, पण दीड दशक ती त्या पातळीवर टिकवायची तर समोर डिपार्टमेंटचे वेगवान गोलंदाजही येतात, हिवाळ्यातील सकाळच्या ओलसर खेळपट्ट्याही येतात आणि मधले हंगाम बिघडलेलेही असतात.

१४. फवाद म्हणजे पाकिस्तानचा अमोल मुझुमदार, असे म्हणावे का?

मराठी वाचकांकडून हा प्रश्न येणारच, आणि त्यामागची हळहळ समजण्यासारखी आहे. अमोल मुझुमदारने १९९३-९४ मध्ये फरिदाबादला हरियाणाविरुद्ध मुंबईकडून पदार्पणातच २६० धावा केल्या, पुढे प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा जमवल्या आणि भारताची कसोटी टोपी त्याला कधीच मिळाली नाही. दारावर थाप मारत राहणे दोघांच्याही वाट्याला आले.

फरक कारणांत आहे. मुझुमदारच्या काळात भारताच्या मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड आणि गांगुली होते, पुढे लक्ष्मणही आला. जागा रिकामीच नव्हती. पाकिस्तानात जागा वारंवार रिकामी होत होती आणि तीवर अनेक जण येऊन गेले. शिवाय फवादला संधी मिळाली होती आणि तिचे त्याने शतक करून दाखवले होते. म्हणून तुलना दुःखापुरती ठीक आहे, पण दोघांच्या बाहेर राहण्याची कारणे एकसारखी मानू नयेत.

१५. तो गोलंदाजाकडे तोंड करून उभा राहतो, ती पद्धत सुरुवातीपासूनच होती का?

गोलंदाजाकडे छाती वळवून उभे राहणे आणि चेंडू येता येता आत सरकणे ही त्याची ओळख बनली ती मुख्यतः पुनरागमनानंतर, आणि तिची तुलना वेस्ट इंडिजच्या चंदरपॉलशी झाली. तंत्र पुस्तकी नसल्याची टीका होत राहिली. चेंडू बॅटला लागतो त्या क्षणी मात्र त्याचे डोके स्थिर आणि पाय जागच्या जागी असतात, हे संथ चित्रफितीत कोणालाही पाहता येईल.

१६. त्याने प्रथम श्रेणी पदार्पण २००३ मध्ये केले की २००४ मध्ये? वेगवेगळ्या ठिकाणी वेगळे लिहिलेले असते.

पाकिस्तानचा हंगाम भारतासारखाच पावसाळा ओसरल्यावर सुरू होऊन पुढच्या वर्षाच्या वसंतात संपतो, म्हणून तो ‘२००३-०४’ असा जोडवर्षाने लिहितात. संक्षेप करताना कोणी पहिले वर्ष धरतो, कोणी दुसरे. संदर्भ देताना जोडवर्षच लिहावे, म्हणजे प्रश्न ४ मधील स्पर्धांशी ताळमेळ राहतो.

१७. पुनरागमनानंतर सुरुवातीच्या काळाबद्दलचे मत बदलले का?

बदलले. साउदॅम्प्टनला ऑगस्ट २०२० मध्ये परतल्यावर पहिल्या डावात तो शून्यावर बाद झाला आणि जुनी टीका पुन्हा सुरू झाली. पण नंतरच्या वर्षभरात त्याने माउंट माँगानुईला १०२, कराचीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १०९, हरारेत १४० आणि किंग्स्टनला नाबाद १२४ धावा केल्या. ही चारही शतके मधल्या फळीत आली. प्रश्न १२ मधील वादाचा निकाल त्याने अशा रीतीने स्वतःच लावला, फक्त तोवर त्याचे वय पस्तिशीला टेकले होते. त्याची कसोटी कारकीर्द १९ सामने, १०११ धावा आणि ५ शतकांवर थांबली.

१८. आज कराचीतला एखादा मुलगा फवादच्याच वाटेने वर येऊ शकतो का?

मधल्या काळात ती वाट बंद झाली होती. इम्रान खान पंतप्रधान आणि मंडळाचे आश्रयदाते असताना, २०१९ मध्ये डिपार्टमेंटचे संघ प्रथम श्रेणीतून काढून टाकण्यात आले आणि सिंध, बलुचिस्तान, खैबर पख्तुनख्वा, नॉर्दर्न, सेंट्रल पंजाब आणि सदर्न पंजाब असे सहाच संघ उरले. ऑस्ट्रेलियाच्या धर्तीवर कमी संघ आणि अधिक चुरस, असा त्यामागचा विचार होता. स्पर्धा नक्कीच कडवी झाली आणि सिंधकडून खेळताना फवादच्या धावांकडे निवड समितीला दुर्लक्ष करणेही अवघड झाले. पण शेकडो खेळाडूंचे पगार थांबले. सहा संघांत न बसणाऱ्यांना पोटापाण्यासाठी दुसरी कामे शोधावी लागली, आणि त्यात वीस-बावीस वर्षांचे ते खेळाडूही होते ज्यांना फवादप्रमाणे दोन-तीन हंगाम सांभाळून घेणारा मालक हवा होता.

२०२३ पासून विभागीय संघ परतले, आणि २०२३-२४ च्या प्रेसिडेंट्स करंडकातून डिपार्टमेंटच्या संघांनीही पुन्हा प्रथम श्रेणीत प्रवेश केला. म्हणजे वाट उघडी आहे, मात्र पूर्वीइतक्या बँका आणि महामंडळे आता संघ बाळगत नाहीत. ज्याला डिपार्टमेंट मिळत नाही, त्याला आपल्या शहराच्या किंवा विभागाच्या संघातील जागा आणि मंडळाचा देशांतर्गत करार यांवरच हंगाम काढावा लागतो.